विचारा नं बाप्पा! ज्यू लोकांची संस्था, आपलं समाजाचं मंडळ आणि अजनीतले शेजारी

या वेळी गंमत झाली, वेगवेगळ्या लोकांची पत्रं फिरून फिरून एकाच विषयावर आली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले, रागावू नका.

प्रश्न: माझ्या सुनेला अमेरिकेत, ओहायोमध्ये, ज्यूइश फेडरेशन नावाच्या ठिकाणी अकाउंट्समध्ये नोकरी लागली. मुलगा म्हणतो आई ती एनजीओ आहे, काळजी करू नको. आमचे हे म्हणून राहिले की देऊळ असेल नाही तर धर्म बदलवणारी संस्था असेल. सून पक्की शाकाहारी आहे. तिथं नेमकं करतात तरी काय? (एक काकू, प्रतापनगर)

उत्तर: काकू, आधी काकांचं टेन्शन घालवा. ज्यू लोक दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढायला जात नाहीत, उलट कोणी स्वतःहून आला तरी त्याला आधी दोन-तीनदा परत पाठवायचं अशी त्यांच्या रबायांची, म्हणजे धर्मगुरूंची, जुनी रीत आहे. आणि फेडरेशन म्हणजे देऊळ नाही. देऊळ म्हणजे सिनेगॉग, त्याचा कारभार वेगळा, वर्गणी वेगळी. फेडरेशन ही त्या अख्ख्या भागातल्या ज्यू समाजाची कॉमन तिजोरी समजा. पूर्वी काय व्हायचं, अनाथाश्रमवाले वेगळे, दवाखानावाले वेगळे, नव्या निर्वासितांना मदत करणारे वेगळे, सगळे त्याच चार व्यापाऱ्यांच्या दारात उभे, आणि ज्याचं तोंड चालतं त्यालाच पैसे जास्त. मग 1895 मध्ये बोस्टनला ठरलं की मागायचं एकदाच, एकत्र, आणि वाटायचं बसून विचार करून. आज अमेरिका-कॅनडात अशा जवळपास दीडशे फेडरेशन आहेत, प्रत्येकीचा आपापला एरिया.

आता काम. समजा एक आजी आहे, नव्वदीची, नाझींच्या छळातून वाचलेली, एकटी राहते. तिला रोज काही तास घरी येऊन आंघोळ घालणारी, औषधं देणारी बाई लागते. अशा लोकांसाठी जर्मनीकडून येणारी भरपाई क्लेम्स कॉन्फरन्स नावाची संस्था 1951 पासून सांभाळते, त्यातला होम केअरचा पैसा त्या गावच्या ज्यूइश फॅमिली सर्व्हिसकडे येतो आणि बाई तेच पाठवतात. पण तास कमी पडतात, दवाखान्यात न्यायला गाडी लागते, जेवणाचा डबा लागतो, ते सगळं फेडरेशनच्या पैशातून भागतं. हे दिसायला छोटं वाटतं पण अकाउंट्सवाल्यासाठी भयानक किचकट काम आहे हो, कारण एकाच आजीच्या एकाच आठवड्यात तीन ठिकाणचा पैसा लागलेला असतो आणि तिघांनाही वेगवेगळा हिशेब द्यायचा असतो. सुनेचं काम हेच असणार असं मला वाटतं.

बाकी मग मुलांच्या समर कॅम्पला मदत, घरोघरी लहान मुलांना दर महिन्याला फुकट पुस्तकं पाठवायची पीजे लायब्ररी, आणि 2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये गोळीबारात 11 माणसं गेली तेव्हापासून सिक्युरिटीवरही बराच खर्च. फॅमिली सर्व्हिसवाले मदत करताना बहुतेक ठिकाणी धर्म विचारत नाहीत, आणि स्टाफमध्येही ज्यू नसलेले पुष्कळ असतात, तुमची सून काही एकटी नसेल.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला तिथं बरंच पडतं. कोशर म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमात मटण-चिकन आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून ऑफिसच्या कार्यक्रमात पुष्कळदा मांसच ठेवत नाहीत, चीज-भाज्या-ब्रेड असंच असतं. फक्त घरचा डबा कॉमन किचनमध्ये, कॉमन मायक्रोवेव्हमध्ये चालतो का हे तिनं पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. शुक्रवारी लवकर सुट्टी होईल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सणांच्या सुट्ट्या लागोपाठ येतील, त्यातली एखादी दिवाळीच्या जवळ आली तर तुमची चांदी.

प्रश्न: आमच्या समाजाचं मंडळ आहे, सहाशे घरं. वर्गणीला दारोदार फिरून चपला झिजल्या, देणारे तेच ते. ज्यू लोक एवढे कमी असून एवढा पैसा कसा काय जमवतात? श्रीमंत असतात म्हणून का? (मंडळाचे कोषाध्यक्ष, मानेवाडा)

उत्तर: भाऊ, श्रीमंत आहेत म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. गरीब ज्यू पण भरपूर आहेत, मदत त्यांनाच तर जाते. खरी गोष्ट त्यांच्या मागण्याच्या पद्धतीत आहे.

पहिलं म्हणजे जो मागायला जाणार त्यानं आधी आपला आकडा लिहायचा. तुम्ही स्वतः 5,000 टाकले असतील तरच समोरच्याला 5,000 मागायचं तोंड राहतं. आपल्याकडे कार्यकारिणीतले अर्धे लोक फक्त पावतीपुस्तक घेऊन फिरतात, स्वतःची पावती शेवटच्या पानावर, ती पण 101 ची. (आमच्या गल्लीतल्या मंडळाला हे वाचून राग येईल, येऊ द्या.) दुसरं, वर्षातला एक रविवार ठरलेला असतो, सुपर संडे म्हणतात त्याला, त्या दिवशी स्वयंसेवक एका हॉलमध्ये बसून यादीतल्या एकेका घराला फोन लावतात. छोटा देणारा सुटत नाही. मोठ्या देणाऱ्याकडे मात्र फोनवर भागवत नाहीत, घरी जातात, मागच्या वर्षीच्या पैशाचं काय झालं ते सांगतात आणि मगच यंदाचं काढतात.

एक जुनी पद्धत पण होती, मोठ्या जेवणावळीत एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर आकडा सांगायचा. पैसा जमायचा जोरात, पण लोक लाजेनं द्यायचे, मनात कडवटपणा राहायचा, म्हणून ती बहुतेक ठिकाणी मागे पडली. आपण अजून भोंग्यावर "अमुक भाऊंकडून पाचशे एक" करूनच राहिलो.

पण भाऊ, माझ्या मते तुमचं घोडं जमवण्यात नाही, वाटण्यात अडलंय. फेडरेशनमध्ये वाटपाची वेगळी कमिटी असते, त्यात देणगीदार असतात, कामाची माहिती असलेले लोक असतात, प्रत्येक संस्थेला येऊन सांगावं लागतं की मागच्या वर्षी किती म्हाताऱ्यांना डबे दिले, किती पोरं शिकली, यंदा किती पाहिजे. मग वाद होतात, खडाजंगी होते, पण आकडा कागदावर येतो. आपल्याकडे अध्यक्षांच्या मनात आलं की ठरलं, आणि अध्यक्षांच्या मनात नेहमी एकच येतं, समाजभवन. चारशे स्क्वेअर फुटाचा हॉल वाढवायचा, टाइल्स बसवायच्या, कोनशिला लावायची. त्या हॉलपासून दोन गल्ल्या पलीकडे तुमच्याच समाजातली एखादी विधवा बाई पोराच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी पतपेढीच्या व्याजात बुडालेली असते आणि मंडळाला पत्ताच नसतो.

त्यावर त्यांची एक आयडिया उचलण्यासारखी आहे. बिनव्याजी कर्ज. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी 1892 पासून हेच करते. कर्ज मागणाऱ्यानं जामीनदार आणायचा, व्याज शून्य, परत आलेला पैसा लगेच दुसऱ्याला. त्यांच्या धर्मशास्त्रात दानाच्या पायऱ्या सांगितल्यात, बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसनं आठ मांडल्या, त्यात सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज देऊन, धंद्यात घेऊन किंवा काम लावून देऊन असं उभं करणं की त्याला परत हात पसरावा लागू नये. तुम्ही सहाशे घरांत वर्षाला घरटी 500 धरले तरी 3 लाख होतात. तीस-तीस हजाराची दहा कर्जं. सुरुवात करून बघा, पण आधी आपल्या सीएला आणि धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात विचारा की तुमच्या घटनेत कर्ज देणं बसतं का, नाही तर ठराव करून घटनादुरुस्ती करावी लागेल.

प्रश्न: सर आपल्या महाराष्ट्रात ज्यू आहेत का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे, थोडक्यात सांगा. (बी.ए.ची विद्यार्थिनी, सदर)

उत्तर: आहेत बेटा, आणि तुझ्या-माझ्याइतकीच मराठी बोलतात. बेने इस्रायल म्हणतात त्यांना. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली अशी त्यांची परंपरेनं आलेली गोष्ट. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, गावावरूनच. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 चं, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर वगैरे मंडळींनी समाजाच्या पोरांसाठी शाळा काढली, तीच आज माझगावची सर एली कदूरी शाळा, आता तिथं शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत. पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या, त्यांच्यावर एक पान जास्त लिही, मार्क मिळतील.

1948 नंतर बरेचसे इस्रायलला गेले. 2011 च्या जनगणनेत राज्यात अडीच हजाराच्या आसपास उरले होते. 2016 मध्ये राज्य सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, केंद्राच्या यादीत मात्र ते नाहीत. आणि हो, त्यांच्या मलिद्याबद्दल लिहायला विसरू नको, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू नबीच्या नावानं. आपण पोह्यावर तर्री ओततो, ते प्रार्थना म्हणतात.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत आहे, त्याला नागपुरातल्या एका वृद्धाश्रमाला पैसे पाठवायचे आहेत. संस्थावाले म्हणतात आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन, नाही, घेता येत नाही. खरं का? (एक वडील, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: मुलाचा पासपोर्ट कुठला ते बघा, सगळं त्याच्यावर आहे. पासपोर्ट भारताचाच असेल तर तो कुठंही राहू दे, बँकेतून पाठवलेली त्याची देणगी परदेशी धरत नाहीत, संस्थेनं पासपोर्टची कॉपी फाइलला लावून ठेवावी. अमेरिकेचा झाला असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, मग ती परदेशी देणगी, आणि एफसीआरए रजिस्ट्रेशन किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेनं हात लावू नये. रजिस्ट्रेशन असलेल्या संस्थेलाही तो पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. "त्या दुसऱ्या संस्थेकडून फिरवून घेऊ" असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, 2020 पासून ते बंद आहे.

प्रश्न: आमच्या शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ राहतात, बेने इस्रायल आहेत, ऐंशी पार, मिसेस गेल्या, मुलगी इस्रायलला अश्दोदमध्ये. एकटेच असतात. आम्हीच औषध-पाणी बघतो. उद्या काही झालं तर त्यांच्या धर्माप्रमाणे काय करायचं आम्हाला काहीच माहीत नाही, आणि त्यांना विचारायला जीभ रेटत नाही. (रेल्वेचे निवृत्त कर्मचारी, अजनी)

उत्तर: दादा, विचारा. या वयाची माणसं या विषयाला आपल्यापेक्षा कमी घाबरतात. आणि काही झाल्यावर विचारायला वेळ मिळणार नाही, कारण त्यांच्यात दफन जितकं लवकर होईल तितकं करतात, शनिवारी मात्र करत नाहीत. दहन अजिबात नाही. अंघोळ घालणं आणि पांढरं कफन घालणं समाजाची माणसं करतात, पुरुषाला पुरुषच. तोवर मृतदेहाजवळ कोणीतरी बसून राहायची रीत आहे, ते तुम्ही करू शकता.

अडचण अंतराची आहे. राज्यातली सिनेगॉगं मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडच्या पट्ट्यात. त्यांना कुठल्या कबरस्तानात जागा हवी, पत्नी कुठं आहेत, कुठल्या सिनेगॉगचे ते मेंबर, तिथल्या ट्रस्टींचा नंबर काय, हे आजच लिहून घ्या. समृद्धीनं अँब्युलन्स रातोरात ठाण्याच्या बाजूला पोचते, पण पलीकडे फोन उचलणारा माणूस ठरलेला पाहिजे.

जिवंतपणीची मदत पण आहे. वरच्या काकूंच्या सुनेचं फेडरेशन आठवतं नं, त्या फेडरेशनांच्या पैशातला काही वाटा जेडीसी नावाच्या संस्थेला जातो, ती 1914 ची, आणि भारतात तिचं काम मुंबईतून चालतं, त्यात गरजू ज्यू वृद्धांना महिन्याची मदत, औषधं असं बरंच येतं. म्हणजे ओहायोतल्या कोणीतरी फोनवर कबूल केलेले पैसे फिरत फिरत महाराष्ट्रातल्या एखाद्या आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांपर्यंत येतात. तुमच्या शेजाऱ्यांना गरज नसेलही, पण यादीत नाव असलं की सणाला कोणाचा तरी फोन येतो, पेसाखच्या सणाआधी मात्झो, म्हणजे त्या सणाची बिनखमिराची रोटी, पाठवायची सोय होऊ शकते. सिनेगॉगच्या ट्रस्टींकडूनच संपर्क मिळेल.

रोजचं काय ते पण सांगतो. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते फोन उचलत नसतील तर घाबरून दार तोडू नका, दार वाजवून बघा. सणाला डबा न्यायचा तर फळं, सुका मेवा बिनधास्त. मटण-चिकन नेऊ नका, ते त्यांच्या पद्धतीनं कापलेलं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यात भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणायची पद्धत आहे, मनुका संपल्या असतील तर बर्डीवरून आणून द्या, खूश होतील.

आणि मुलीचा अश्दोदचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा, एक तुमच्याकडे, एक त्यांच्या फ्रिजवर. तिथली घड्याळं आपल्या मागे असतात, उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन, म्हणजे सकाळी सातला फोन लावाल तर ती झोपलेली असेल, पण अशा वेळी लावायचाच.