पहिल्यांदाच क्रूझवर जाताना

प्रश्न : दिवाळीनंतर मुंबईहून गोव्याला क्रूझने जायचं ठरतंय. सोबत सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. बोट लागेल का? खोली कुठली घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या दिवसांत अरबी समुद्र सहसा शांत असतो. तरी खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, लिफ्टजवळ घ्या. हेलकावे टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतात. बाल्कनीच्या मोहात हे विसरू नका. बोट लागण्याची गोळी उलट्या सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही, म्हणून जहाज सुटण्याआधी तासभर घ्यायची. तिने झोप येते; मुलाचा डोस आणि सासूबाईंच्या चालू औषधांबरोबर ती चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खरी पंचाईत पहिल्या दुपारी होते. टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, त्या खोलीत पोचायला काही तास लागतात. औषधं, मूळ ओळखपत्रं, मुलाचे कपडे, पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली घरीच राहू द्या, तपासणीत काढून घेतात. जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल अंगावर येतं.

मुरगावला उतरून पणजीला गेलात, तर अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. चढण्याच्या वेळेआधी दोन तास तिथून निघाच. उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही.