एकाच पाइपमधून तीन सर्किट, 2.5 चौ. मिमी वायर पुरेल का?

तिन्ही सर्किट एकाच वेळी लोडवर असतील आणि प्रत्येकाला 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असेल, तर बहुतेक वेळा नाही पुरणार.

आयईसीच्या (विजेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) तक्त्यात 2.5 चौ. मिमी पीव्हीसी तांब्याच्या वायरीला भिंतीवरच्या पाइपमध्ये 24 अँपिअर दिलेत, पण ते पाइपमध्ये एकच सिंगल फेज सर्किट आणि भोवतालचं तापमान 30 अंश धरून. लोक हा आकडा पाहतात आणि तिथेच थांबतात. तीन सर्किट एकत्र आली की वायरी एकमेकींना तापवतात, उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही, म्हणून 0.70 ने गुणायचं: 16.8. तापमान 40 अंश असेल तर आणखी 0.87 ने, म्हणजे जेमतेम 14.6 अँपिअर. 16 चा एमसीबी इथे वायरीला वाचवणार नाही. 4 चौ. मिमी घ्या: 32 × 0.70 × 0.87 = 19.5. निवांत.

या हिशेबात अर्थिंगची वायर मोजायची नाही, तिच्यातून एरवी करंट जात नाही. सिंगल फेजचा न्यूट्रल मात्र फेजइतकाच तापतो. थ्री फेजमध्ये लोड समतोल असेल तर न्यूट्रल सोडता येतो, पण एलईडी ड्रायव्हर, कॉम्प्युटर असला माल भरपूर असेल तर हार्मोनिक्समुळे (करंटच्या लहरीतल्या बिघाडामुळे न्यूट्रलमध्ये साठणारा जादा करंट) तोही धरावाच लागतो.

पाइपमध्ये जागा आहे म्हणून वायरी कोंबणं हा वेगळाच आजार. जागा असली तरी डीरेटिंग, म्हणजे वरच्यासारखी वायरीची क्षमता कमी धरणं, चुकत नाही. जमत असेल तर सरळ दुसरा पाइप टाका, वायर जाड करण्यापेक्षा ते कित्येकदा सोपं पडतं. लांबी जास्त असेल तर व्होल्टेज ड्रॉपही (वायरीतच व्होल्टेज किती कमी होतं ते) तपासा.