अपडेट रीस्टार्टनंतर परत फिरतंय? फॉरमॅटच्या आधी हे करा

तुमच्या विंडोज ११ चं अपडेट पूर्ण डाउनलोड होतं, रीस्टार्टनंतर थोडं पुढे सरकतं आणि मग ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणत मागे येतं. त्यावर कुणीतरी सरळ फॉरमॅट मारायला सांगितलंय. कृपया मारू नका. अपडेट मागे घेऊन विंडोज तुमची चालू सिस्टीम सांभाळतंय. ते सुरू असताना कितीही वेळ लागला तरी पॉवर बटण दाबून मशीन बंद करू नका. साधा बिघाड मोठा होतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आधी महत्त्वाच्या फाइल्सची बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बरेच जण हे टाळतात आणि मग की मागणाऱ्या निळ्या स्क्रीनसमोर अडकतात.

आता सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी उघडा. फेल झालेल्या अपडेटसमोर एरर कोड असतो, तो नीट वाचा. शेवटी ८००७००७० असेल तर सी ड्राइव्हवर जागा कमी आहे. सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून जागा मोकळी करा. पण त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक केलीत तर तुमचं सगळं डाउनलोड फोल्डर रिकामं होईल. वीसेक जीबी मोकळे असले की बरं.

कोड ८००७३७१२ असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज स्वतःच्या फाइल्सचा जो साठा ठेवतं, त्या कंपोनंट स्टोअरमध्येच बिघाड आहे. इथे जवळजवळ सगळे आधी एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या खराब फाइल्स तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवतात. पण एसएफसी खराब फाइल बदलते ती याच साठ्यातून. साठाच सडका असेल तर ती चांगली फाइल आणणार कुठून? म्हणून आधी डीआयएसएम, म्हणजे तो साठाच दुरुस्त करणारी कमांड. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत डीआयएसएम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ असं टाइप करा. प्रत्येक स्लॅशआधी एक स्पेस. आकडा बासष्ट टक्क्यांच्या आसपास बराच वेळ हलत नाही. अडकलंय समजून खिडकी बंद करू नका, काम चालू असतं. ते संपल्यावर एसएफसी.

डीआयएसएमने ८००एफ०८१एफ दाखवलं तर त्याला दुरुस्तीच्या फाइल्स मिळाल्या नाहीत. एरवी तो त्या विंडोज अपडेटकडूनच मागवतो, आणि तुमचं तेच तर बिघडलंय. अशा वेळी शेवटी दिलेला आयएसओचा उपाय घ्या.

अपडेट डाउनलोडलाच अडत असेल तरच सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन या, डाउनलोड केलेली अपडेट्स ठेवणाऱ्या, फोल्डरला हात लावा. विंडोज अपडेट आणि बिट्स (मागे डाउनलोड करणारी) या सर्व्हिसेस थांबवून त्याचं नाव बदला. विंडोज नवं फोल्डर बनवतं. हिस्टरीची यादी रिकामी दिसेल, बसलेली अपडेट्स मात्र जागेवर असतात.

इतक्यावरही जमलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉलेशनची पूर्ण फाइल) उतरवा, भाषा तुमच्या सिस्टीमचीच निवडा. प्रिंटर, पेनड्राइव्ह काढा, बाहेरचा अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करा. चालू विंडोजमध्ये आयएसओवर डबल क्लिक करून सेटअप चालवा. त्या आयएसओवरून बूट करू नका, तसं केलंत तर फाइल्स आणि प्रोग्राम्स ठेवायचा पर्याय मिळत नाही. ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडलेलं आहे याची खात्री करा. तो पर्याय फिका दिसत असेल तर पुढे जाऊ नका: बहुधा भाषा किंवा एडिशन (होम, प्रो वगैरे) जुळत नाहीये, योग्य आयएसओ घेऊन पुन्हा सुरुवात करा.