‘ठरवलं तसं होणार नसेल, तर नकोच’

“मॅडम, डोक्यात होतं तसं होणारच नसेल, तर केलंच नाही तर काय बिघडलं?” कला महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षेच्या कलाकृतीबद्दल हा प्रश्न घेऊन परीक्षेच्या तोंडावर माझ्याकडे समुपदेशनाला हमखास येतात. आईवडिलांची काळजी वेगळी: “आता सोडते म्हणतेय. वर्ष वाया जाणार का?”

एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, इचलकरंजी मात्र तिनंच राहू द्यायला सांगितली.

वडील यंत्रमाग कामगार. गावात 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गल्लोगल्ली खडखडाट सुरू झाला. परीक्षेची कलाकृती म्हणून तिला मागाची शेडच उभी करायची होती. प्रेक्षकानं अंधाऱ्या हॉलमध्ये शिरायचं, छतापासून जमिनीपर्यंत सुताचे ताणे, त्यांवर प्रोजेक्टरनं धावणारी धोट्याची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या साधनाची, सावली आणि चहूकडून मागांचा आवाज. टाकाऊ सूत वडिलांनी मिळवून दिलं. आवाज तिनं रात्रपाळीत जाऊन रेकॉर्ड केला.

मग एकेक बिनसत गेलं. हॉल दुसऱ्या विभागाला गेला, हिच्या वाट्याला जिन्याखालची खोली आली. शेजारच्या वर्गात लेखी परीक्षा, म्हणून स्पीकरला बंदी. वळवाच्या पावसात सुताचं गाठोडं भिजलं आणि त्याचा न सुटणारा गुंता झाला. प्रोजेक्टर तेवढा शाबूत, पण जिन्याखाली तो लावायला पुरेसं अंतरच नाही!

ती आली तेव्हा झोप उडाली होती, जेवणाकडे लक्ष नव्हतं. सरांनी धीर द्यायला फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँचा दाखला दिला होता: त्याची मोठी काचेची कलाकृती प्रदर्शनाहून परत नेताना तडकली आणि 1936 मध्ये त्यानं ती तड्यांसकट जोडली. गोष्ट खरी आहे. पण खचलेल्या पोरीला थोरांचे दाखले दिले की ती आणखी लहान होते. नुकसान खरं होतं, म्हणून आम्ही आधी न होणाऱ्या त्या हॉलबद्दलच बोललो. तिनं रडून घेतलं. हा भाग गाळून थेट उपायांवर उडी मारणं मला पटत नाही.

पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आधार घेतला. कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे. घटनेपेक्षा घटनेबद्दलचं आपलं मत जास्त छळतं, असं ही पद्धत सांगते. ‘हॉल मिळाला असता तर बरं झालं असतं’ म्हणणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्याचे हात चालू राहतात. ‘हॉल नाही म्हणजे काम शून्य’ म्हणणारा बसून राहतो.

तिला विचारलं, “लहानपणी शेडमध्ये शिरलीस की आधी काय जाणवायचं?”

“आवाज.” मग थांबून म्हणाली, “नाही, त्याआधी पायाखालची जमीन थरथरते.”

इथून पुढचं काम तिचं. जमिनीवर प्लायवूड टाकून खाली छोटे स्पीकर चिकटवले आणि रेकॉर्डिंगमधला फक्त खालचा घुमारा त्यांना दिला. आवाज दाराबाहेर जात नव्हता, तळव्यांना मात्र माग कळत होता. सुताचा गुंता तसाच टांगला. वडिलांना मागांपायी आता कमी ऐकू येतं. ते आधीच्या आराखड्यात कुठेच नव्हतं, आता आपसूक आलं.

माझ्याकडून दोन व्यावहारिक गोष्टी झाल्या. खोली बदलल्याचं आणि आराखडा बदलत असल्याचं मार्गदर्शक शिक्षकांना परीक्षेआधी लेखी कळवायला लावलं. आणि काळजी करायला संध्याकाळची वीस मिनिटं नेमून दिली. एरवी मनात आलेली काळजी वहीत लिहायची आणि त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायची. आठवड्याभरात झोप बरी झाली. प्रोजेक्टरसाठी वडिलांनी उसने पैसे आणले होते. तो लागणार नाही हे त्यांना सांगणं तिला सगळ्यात जड गेलं. ते एवढंच म्हणाले, “परत देऊन टाक की मग.”

ती चांगल्या गुणांनी पास झाली. प्रत्येक अडचणीतून काही चांगलंच निघतं, असं मात्र मी म्हणणार नाही. हॉल मिळाला असता तर काम मोठं झालं असतं, असं ती आजही म्हणते आणि तिचं बरोबर असावं.

आईवडिलांनी एवढं पाहावं: झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. मुलाच्या बोलण्यात जगणं नकोसं झाल्याचा सूर आला, तर एक दिवसही थांबू नये. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं.