नर्सिंग झालं, आणि पगार १४ हजार?

इंदूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "चार वर्षांची फी भरली ती कशासाठी?" मग पुण्यात आयटीत असलेला कुणी मावसभाऊ निघतो. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते.

मीनल (नाव बदललं आहे) तशीच आली. घर रामबागेत, वडील निवृत्तीला टेकलेले. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय तपासणी आणि कोर्टाच्या तारखा यांत तिच्या बॅचच्या परीक्षा रखडल्या होत्या. उशिरा हाती आलेली बी.एस्सी. आणि पहिली ऑफर १४ हजारांची. घरात कुणी तिच्याशी नीट बोलत नव्हतं.

"ताई, मला खरंच काही येत असतं तर एवढेच दिले असते का?"

तिचं दुखणं या प्रश्नात होतं, पगारात नव्हतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर काम करते. माणसाच्या कामाला मोजावं, माणसाला नाही, हे ती पद्धत मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आयुष्यभर सांगत राहिले. पण हे व्याख्यान मी मुलींना देत नाही, काम देते. तिला म्हटलं, "नोकरीला लागलेल्या मैत्रिणींना फोन कर. पगार किती हे नंतर विचार, तो कशावरून ठरला ते आधी."

पुढच्या वेळी ती वहीचं पान भरून घेऊन आली. एकीचं तीस खाटांचं नर्सिंग होम. दुसरी मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत, नाइटचा भत्ता वेगळा. तिसरीला पैसे कमी, पण हॉस्टेल आणि जेवण फुकट. चौथीचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन अजून आलेलं नाही, म्हणून ती 'ट्रेनी'. एक अहमदाबादला.

"आता यात कोण हुशार, कोण ढ, ते कुठे लिहिलंय दाखव."

तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. "कुठेच नाही. आयसीयूवालीला तर माझ्यापेक्षा कमी मार्क होते." थोडा वेळ गेला. "ताई, हा आकडा हॉस्पिटलचा आहे. माझा नाहीच."

मी काही बोलले नाही. हेच वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकवलं असतं तर ती मान डोलावून घरी गेली असती आणि रात्री पुन्हा रडली असती. स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य टिकतं. इतक्या वर्षांत माझ्या हाताला हे जमलंय, असं म्हणायला हरकत नाही.

एकदा आकडा आपला नाही हे पटलं की त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघता येतं. ऑफरमधली रक्कम आणि खात्यात येणारी रक्कम वेगळी असते. मूळ वेतनावर १२ टक्के पीएफ कापला जातो, आणि काही ठिकाणी मालकाचा हिस्साही पॅकेजमध्ये धरून आकडा फुगवलेला असतो. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, म्हणजे ०.७५ टक्के कपातीत घरच्यांच्याही उपचारांची सोय. बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का, तो मोडला तर किती भरायचे, हे सहीच्या आधी वाचा. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, प्रती द्या.

वडिलांना वेगळं बोलावलं. "सरकारी एमवाय हॉस्पिटलमधल्या सिस्टरला मिळतं ते खासगीत का नाही?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो रास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला राज्य सरकारच्या नर्सइतकं वेतन मिळावं, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा २० हजारांहून कमी नको. पण ती शिफारस होती. मुली दरवर्षी भरपूर पास होतात, त्यामुळे हॉस्पिटलला पगार वाढवायची घाई नसते. सरकारी पगार हवा तर वाट परीक्षेची: एम्सच्या नॉर्सेट या भरती परीक्षेतून लागलेल्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना त्या परीक्षेसाठी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणूनच जीएनएम केलेल्या मुलींना मी सांगते, पहिली नोकरी घेताना पगाराआधी खाटा मोजा.

मीनलने हॉस्पिटलात जाऊन विचारलं. उत्तर ठरलेलं, "फ्रेशर को इतना ही देते हैं." तिने आयसीयूची पोस्टिंग आणि सहा महिन्यांनी पगारवाढ लेखी मागितली. पोस्टिंग लेखी मिळाली, वाढीचं "देखेंगे" झालं. ती रुजू झाली, नॉर्सेटचा अभ्यासही सुरू आहे. वडील मात्र नातेवाइकांना अजून "मोठ्या हॉस्पिटलात आहे" एवढंच सांगतात आणि पगाराचा विषय निघाला की चहा मागवतात. पुढच्या शनिवारी त्यांना एकट्यांना बोलावलंय.