आईच्या पत्रामुळे बायकांना मत मिळालं, हे खरं का?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात या महिन्यात मला दहा मिनिटं बोलायचंय, विषय आहे बायकांचा मतदानाचा हक्क. लेकीने मोबाईलवर एक रील दाखवली, त्यात म्हणे अमेरिकेत १९२० साली एका तरुण आमदाराला आईने पत्र पाठवलं, त्याने ऐन वेळी मत फिरवलं आणि अख्ख्या देशातल्या बायकांना मत मिळालं. हे खरं आहे का कुणीतरी रचलंय? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: खरं आहे हो. पत्र खरं, आई खरी आणि मतही खरंच फिरलं. पण त्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमागे बायकांचं जे काम आहे ते सांगितल्याशिवाय मंडळात बोलू नका, ही अगदी मनापासून विनंती.

आधी थोडं मागचं. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, जून १९१९ मध्ये बायकांना मत देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली, पण तिथे तेवढ्याने भागत नाही, तीन चतुर्थांश राज्यांच्या विधिमंडळांनी ती मान्य करावी लागते, तेव्हा राज्यं ४८ होती म्हणजे ३६ हवी होती. मार्च १९२० पर्यंत ३५ झाली आणि गाडी तिथेच अडकली. जूनमध्ये डेलावेअरने नाही म्हटलं, दक्षिणेकडची बहुतेक राज्यं आधीच विरोधात. उरलं टेनेसी, आणि तिथल्या राज्यघटनेत अट अशी की आधी नवीन निवडणूक घ्या आणि मगच घटनादुरुस्तीवर मत द्या. नशिबाने त्याच जूनमध्ये ओहायोच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की राज्यांना असल्या जादा अटी लावता येणार नाहीत, त्यामुळे वाट मोकळी झाली, आणि गव्हर्नर अल्बर्ट रॉबर्ट्स यांनी ९ ऑगस्टपासून टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलला, खास अधिवेशन बोलावलं.

आता बघा. कॅरी चॅपमन कॅट, चळवळीच्या सगळ्यात मोठ्या नेत्या, आधीच येऊन हर्मिटेज हॉटेलात मुक्काम ठोकून बसल्या होत्या. पण खरं पायपिटीचं काम केलं ते टेनेसीच्याच बायकांनी, स्यू व्हाइट, अ‍ॅबी मिल्टन, कॅथरीन केनी अशा कितीतरी जणी, आगगाडीने, मोटारीने, डोंगरातल्या गावांपर्यंत जाऊन एकेका आमदाराला गाठलं, त्याचा शब्द घेतला, यादीत लिहिला आणि तो शब्द टिकतोय का हे पुन्हा पुन्हा तपासलं, कारण विरोधकांनी हॉटेलच्या आठव्या मजल्यावर दारूची सोय केली होती, तीही दारूबंदीच्या काळात, आणि काल हो म्हणालेला माणूस आज तोंड चुकवायचा. समर्थकांच्या कोटावर पिवळा गुलाब, विरोधकांच्या कोटावर लाल, म्हणजे सभागृहात नुसती नजर फिरवून कोण कुणीकडे ते मोजता यायचं.

टेनेसीच्या सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, १३ ऑगस्टला २५ विरुद्ध ४ असा ठराव पास केला, तिथे काही अडलं नाही. खरी कसोटी १८ ऑगस्टला खालच्या सभागृहात. स्पीकर सेथ वॉकर आधी बाजूने होते, मग उलटले, आणि त्यांनीच ठराव बाजूला ठेवायची सूचना आणली. मतं पडली ४८-४८. पुन्हा मोजली, पुन्हा ४८-४८, कारण बँक्स टर्नर नावाचे आमदार ऐन वेळी सूचनेच्या विरोधात गेले. बरोबरी झाली म्हणजे सूचना पडली, आता मूळ ठरावावरच मत. हॅरी बर्न, वय २४, सभागृहातला सगळ्यात तरुण, कोटाला लाल गुलाब. दोन्ही वेळा वॉकरच्या बाजूने मत दिलेला हा मुलगा यावेळी मात्र 'होय' म्हणाला.

त्याच्या खिशात आईचं पत्र होतं, सात पानी. फेब बर्न या नायोटा गावच्या, नवरा वारलेला, शेती सांभाळणाऱ्या. पेपरात सगळी भाषणं वाचत होत्या, तू कुणीकडे आहेस ते बघतेय पण अजून काही दिसलं नाही असं त्यांनी लेकाला लिहिलं, मताच्या हक्काला पाठिंबा दे, लोकांना ताटकळत ठेवू नकोस, शहाण्या मुलासारखा मिसेस कॅटना मदत कर. टर्नरही 'होय' म्हणाले आणि निकाल ४९-४७. फेरविचार जिंकलेल्या बाजूलाच मागता येतो, म्हणून वॉकरनी आपलं मत बदलून 'होय' केलं, झालं ५०-४६, आणि ९९ जणांच्या सभागृहात ५० म्हणजे पूर्ण बहुमत, त्यांच्याच मताने!

दुसऱ्या दिवशी बर्नने सभागृहाच्या नोंदीत कारणं दिली. आईचा सल्ला ऐकणं मुलासाठी सगळ्यात सुरक्षित, हे तिसरं कारण सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीची दोन कुणी सांगत नाही: मतदान हा हक्क आहे असं मला वाटतं, आणि ठराव मान्य करायचा आपल्याला नैतिक आणि कायदेशीर अधिकार आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं आईचं पत्र सांगितलं की वाटतं मायेने काम झालं. त्याचं एक मत मोलाचं ठरलं कारण बाकीची ४८ बायकांनी दारोदार फिरून जमवली होती.

पुढे विरोधक काही गप्प बसले नाहीत. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत कोरम होऊ नये म्हणून लोक घरी बसतात ना, तसे बरेच विरोधी आमदार चक्क अलाबामातल्या डिकेटरला निघून गेले, पण उपयोग झाला नाही. २४ ऑगस्टला गव्हर्नरने सही केली, २६ ला परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बींनी. आणि हे मात्र बोलताना गाळू नका, दक्षिणेतल्या काळ्या बायकांना त्यानंतरही लेखन-वाचन परीक्षा आणि मतदान कर लावून अडवलं गेलं, १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत.

आपल्या मंडळासाठी अजून एक: मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२१ मध्ये, म्हणजे नॅशव्हिलनंतर वर्षभरातच, बायकांवरची मतदानाची बंदी उठवली. मालमत्तेची अट राहिली, त्यामुळे मत मिळालं थोड्याच जणींना. सरसकट सगळ्या सज्ञान स्त्रियांना ते राज्यघटनेने दिलं.

प्रश्न: आपल्याकडेही घटनादुरुस्तीला राज्यांची संमती लागते का? – एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: प्रत्येक वेळी नाही. कलम ३६८ प्रमाणे राष्ट्रपतींची निवडणूक, हायकोर्टं, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व अशा विषयांना हात लावायचा असेल तरच निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. एक उदाहरण जीएसटीचं, १०१ वी दुरुस्ती, त्यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाचंही खास अधिवेशन झालं होतं. अमेरिकेत मात्र प्रत्येक दुरुस्तीला राज्यं लागतातच, आणि तीही तीन चतुर्थांश.