चांगला ड्रायव्हर असेल तर ईएसपी (गाडी घसरायला लागली की तिला सावरणारी सिस्टीम) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं नुसती जागेवर फिरू न देणारी सिस्टीम) बंद करून गाडी चालवावी का? बंद करायचं नसेल तर मग बटण कशाला दिलंय?

बटण दिलंय ते गाडी चिखलात, वाळूत नाहीतर जाड बर्फात रुतली तर बाहेर काढायला. तिथे चाकं थोडी फिरावी लागतात, आणि ट्रॅक्शन कंट्रोलला चाक नुसतं फिरताना दिसलं की ते लगेच इंजिनची ताकद कमी करतं, त्या चाकाला ब्रेक लावतं, मग तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही दाबा गाडी तिथेच. अशा वेळी बंद करा, पुढेमागे झुलवून बाहेर काढा आणि लगेच परत चालू करा. चाकांना साखळ्या लावल्या असतील तरी कधी कधी बंद केल्याने बरं पडतं.

नेहमीच्या रस्त्यावर मात्र बंद करू नका, आणि इथे "मला गाडी कंट्रोल करता येते" हा मुद्दाच येत नाही. ईएसपी स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय हे सेकंदात कितीतरी वेळा ताडून बघतं, आणि फरक पडला तर एकाच चाकाला ब्रेक लावतं. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, गाडी न वळता सरळच जात असेल तर आतल्या बाजूचं मागचं. आता तुमच्या पायाखाली ब्रेकचा पेडल एकच आहे, तो चारही चाकांना लागतो, मग कितीही पट्टीचा ड्रायव्हर असला तरी एकट्या चाकाला ब्रेक लावणार कसा?

१९९७ मध्ये स्वीडनमध्ये मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास अचानक वळवून परत सरळ करायच्या टेस्टमध्ये उलटली होती. चालवणारे गाड्या टेस्ट करण्यातले मुरलेले लोक होते, तरी. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट द्यायला सुरुवात केली, तोवर ते मुख्यतः महागड्या गाड्यांतच मिळायचं.

बंद केलं की पेट्रोल वाचतं, पिकअप वाढतो वगैरे पण लोक सांगतात. चाक घसरत नसेल तेव्हा ही सिस्टीम नुसती बघत बसलेली असते, मग वाचणार काय? बंद रेसट्रॅकवर मजा म्हणून बंद करणारे असतात, तो वेगळा विषय, तिथे समोरून ट्रक येत नाही.

अजून एक, घसरणाऱ्या गाडीचं ते पिवळं चिन्ह लुकलुकत असेल तर सिस्टीम काम करतेय, घाबरू नका, फक्त वेग कमी करा. सतत पेटलेलं असेल तर एकतर बंद आहे नाहीतर बिघाड आहे. आणि बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, काही सेकंद दाबून धरलं तर ईएसपी पण, काहींमध्ये वेग वाढला की ते आपोआप परत येतं. तुमच्या गाडीत नक्की काय होतं ते मॅन्युअलमध्ये बघा.

आणि हो, टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला, ईएसपी असलेलीच पकड वापरतं, नवीन पकड कुठून आणणार.